अड्ड्याचा पत्ता

युरोपला निघालेल्या माणसाने तिथे काय पाहावे, यावर आपल्याकडे अलीकडे जो वाद चालतो, त्यात दोन्ही बाजूंनी मुद्दा सोडून भांडण होते, असे माझे मत आहे. माझी भाची येत्या सप्टेंबरात स्पेनमधल्या बार्सिलोनाला जाणार आहे. गेल्या महिन्यात घरच्या एका कार्यात तिने आपला बेत सांगितला आणि जेवणाच्या पंगतीतच दोन तट पडले. तिचे काका-काकू दोन वर्षांपूर्वी बारा दिवसांत सहा देश पाहून आले होते. काकांचे म्हणणे असे की एवढा खर्च करून जायचे आणि साग्रादा फामिलियासारखे जगप्रसिद्ध चर्च सोडून कुठल्या तरी गल्लीतल्या बाकावर बसून यायचे, हा वेडेपणा आहे. भाचीचे उत्तर तयार होते. ती प्रसिद्ध ठिकाणे पडद्यावर हजारदा पाहून झाली आहेत. तिला खरे शहर पाहायचे आहे, जिथे तिथलीच माणसे बसतात आणि पर्यटक फिरकत नाहीत अशा जागा. तिच्या फोनमध्ये अशा तेवीस जागांची यादी होती. पंगतीतल्या तरुणांनी तिची बाजू घेतली, वडीलधाऱ्यांनी काकांची, आणि बोलणे लवकरच कोण खरा प्रवासी आणि कोण नुसता पर्यटक यावर घसरले.

माझी भूमिका आधीच सांगतो. प्रसिद्ध स्थळे पाहण्यात कमीपणा नाही आणि स्थानिकांचे अड्डे पाहण्यात मोठेपणा नाही. किंबहुना अड्डा ही पाहण्याची वस्तूच नव्हे. तो रोजच्या वापराचा असतो, जसा आपल्याकडे देवळासमोरचा पार किंवा कोपऱ्यावरचा कट्टा. तिथे जरूर जावे. पण वापरणाऱ्यांपैकी एक होऊन, वेळ देऊन आणि तिथली रीत पाळून जावे, आणि परतल्यावर त्याचा पत्ता चव्हाट्यावर मांडू नये. जागा प्रसिद्ध आहे की अनवट, हा प्रश्न दुय्यम आहे. ती जागा किती माणसे पेलू शकते आणि न पेलवल्यास त्याची झळ कोणाला लागते, हे आधी विचारले पाहिजे.

बार्सिलोनाचेच उदाहरण घेतो, कारण मुलगी तिथे शिकत असताना मी पाच आठवडे ग्रासिया या भागात राहिलो आणि तेव्हापासून त्या शहराच्या बातम्या घरच्यासारख्या वाचतो. ग्रासियाच्या वरच्या अंगाला, पार्क ग्वेल या प्रसिद्ध उद्यानाच्या आजूबाजूला, चढणीच्या अरुंद रस्त्यांवरून ११६ क्रमांकाची एक छोटी बस धावते. तिच्यात जेमतेम वीस आसने आहेत. त्या चढावर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही बस म्हणजे बाजार, दवाखाना आणि औषधाचे दुकान यांच्याशी असलेला एकमेव सोपा संबंध. पार्क ग्वेलला जाण्याचा सोयीचा मार्ग म्हणून फोनवरचा नकाशा ती सुचवू लागला आणि भाजीच्या पिशव्या घेऊन थांब्यावर उभ्या असलेल्या आजीबाईंना आत शिरायलाच जागा उरेना. अखेर २०२४ मध्ये महापालिकेच्या प्रयत्नाने या बसचा मार्ग गूगल मॅप्सवरून काढून टाकण्यात आला. सार्वजनिक बसचा मार्ग शहराला लपवावा लागावा, ही गोष्ट क्षणभर थांबून विचार करण्यासारखी आहे. त्या शहराच्या टेकड्यांवरच्या वस्त्यांना बस सहजासहजी मिळालेली नाही. शहराच्या उत्तर टोकाला तोर्रे बारो नावाची कामकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या चढावर बस जाऊच शकत नाही, असे प्रशासन वर्षानुवर्षे सांगत होते. ७ मे १९७८ रोजी मानुएल व्हिताल नावाच्या बसचालकाने ४७ क्रमांकाची बस आपला ठरलेला मार्ग सोडून थेट त्या वस्तीत चढवली आणि बस जाते हे सिद्ध करून दाखवले. तो स्वतः त्याच वस्तीत राहत होता. ज्या शहरात टेकडीवरच्या माणसांना बससाठी असे झगडावे लागले, तिथे ११६ क्रमांकाच्या बसमधले एक आसन म्हणजे काय, हे आपल्याला समजायला हवे.

आता प्रवासी आणि पर्यटक या भेदाविषयी. हा भेद नवा आहे आणि समाजमाध्यमांनी निर्माण केला आहे, असे पुष्कळांना वाटते. तो दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचे मूळ वर्गाच्या अभिमानात आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील सरदारांची मुले शिक्षण पुरे करण्यासाठी दोन-दोन वर्षे युरोपभर हिंडत, तेव्हा त्यावर थोडीफार टीका झाली तरी ते हिंडणे प्रतिष्ठेचेच मानले जाई. थॉमस कुक या इंग्रज सहल-व्यावसायिकाने १८६० च्या दशकात शिक्षक, कारकून, छोटे व्यापारी, एकट्या स्त्रिया अशा मंडळींना परवडेल अशा दरात इटलीला नेले, आणि लगेच टीका सुरू झाली. इटलीत नेमलेल्या एका ब्रिटिश वाणिज्यदूताने १८६५ मध्ये लिहिले की हे चाळीस-चाळीस जणांचे जथे रस्त्यांतून वाहतात आणि त्यांचा म्होरक्या मेंढपाळाच्या कुत्र्यासारखा त्यांच्या भोवती घिरट्या घालतो. आज सहल-कंपनीच्या टोप्या घातलेल्या मराठी ज्येष्ठ नागरिकांच्या गटाकडे पाहून जी कुजबुज होते, तिच्यात आणि त्या वाणिज्यदूताच्या लिखाणात फरक काय? आयुष्यभर बँकेत किंवा शाळेत नोकरी करून, मुलांची शिक्षणे पार पाडून, साठी उलटल्यावर एकदाच परदेशी निघालेल्या माणसाने मार्गदर्शकाच्या छत्रीमागून चालावे, यात हसण्यासारखे काहीही नाही. भाषा येत नाही, गुडघे साथ देत नाहीत, पथ्य सांभाळायचे आहे आणि हाताशी एकच दिवस आहे. अशा माणसाने तो दिवस अनवट गल्ल्यांत घालवावा, हा उपदेश निर्दयपणाचा आहे.

सामान्य माणसाचे जगणे जवळून पाहण्याची ओढसुद्धा आजची नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये नोत्र दाम या प्रसिद्ध चर्चच्या मागे शहराचे शवागार होते. ओळख न पटलेली प्रेते काचेमागे ठेवली जात आणि त्यांची ओळख पटावी म्हणून लोकांना आत मुक्त प्रवेश असे. हे शवागार प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांत नोंदले गेले आणि परदेशी पाहुणे कुटुंबासह तिथे जाऊ लागले. १९०७ मध्ये ते सामान्य लोकांसाठी बंद करण्यात आले. त्याच पॅरिसने १८६७ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी आपली भुयारी गटारे पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली. लंडनच्या पूर्व भागातील गरिबांच्या वस्त्यांतून १८८० च्या दशकात सुखवस्तू मंडळी रात्रीच्या फेऱ्या काढत. या सगळ्यांना शोभेची इमारत नको होती, खरे शहर हवे होते. पाहणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण ज्यांचे जगणे पाहिले जात होते त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढे खरे. ‘मला खोटे नको, अस्सल हवे’ हे वाक्य ऐकायला नम्र वाटते, पण त्यात आपल्यासाठी दुसऱ्याने उघडे राहावे ही मागणी दडलेली असते.

आणि अस्सल जागा व प्रेक्षणीय जागा हे दोन वेगळे वर्ग तरी आहेत का? पार्क ग्वेलचा इतिहास पाहा. एउसेबी ग्वेल या उद्योगपतीने गौदी या वास्तुविशारदाकडून तिथे श्रीमंतांची वसाहत आखून घेतली, ती फसली, महापालिकेने १९२२ मध्ये जागा विकत घेतली आणि १९२६ पासून ते सार्वजनिक उद्यान झाले. पुढची कित्येक दशके ती ला सालुत आणि एल कार्मेल या भागांतल्या मुलांची खेळण्याची आणि आजोबांची उन्हात बसण्याची जागा होती. रंगीत फुटक्या फरशांचा तो प्रसिद्ध नागमोडी बाक मुळात बसण्यासाठीच आहे. १९८४ मध्ये युनेस्कोने या उद्यानाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, १९९२ च्या ऑलिम्पिकनंतर शहराचा बोलबाला झाला, आणि २०१३ मध्ये उद्यानाच्या मुख्य भागाला तिकीट लावावे लागले. शेजारच्या रहिवाशांना विनामूल्य प्रवेश आहे, पण त्यासाठी नोंदणी लागते. म्हणजे ज्या बाकावर एखादी बाई लहानपणी शाळा सुटल्यावर बसत होती, तिथे बसण्यासाठी तिला आता आपण इथलेच आहोत हे दाखवावे लागते. कालचा अड्डा आजचे प्रेक्षणीय स्थळ झाला, तो एका दिवसात झाला नाही. कौतुकाने दुसऱ्याला सांगणाऱ्या असंख्य माणसांनी तो घडवला, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपण एक अनवट जागा शोधली असेच वाटत असणार.

या क्रियेचा वेग आता किती वाढला आहे, ते पार्क ग्वेलजवळच्याच तुरो दे ला रोविरा या टेकडीवर दिसते. स्पेनच्या यादवी युद्धाच्या काळात, इटालियन विमाने बार्सिलोनावर बाँब टाकत असताना, या माथ्यावर विमानविरोधी तोफा बसवल्या गेल्या. युद्धानंतर घर नसलेल्या स्थलांतरितांनी त्याच चौथऱ्यांवर झोपड्या बांधल्या आणि तिथे एक वस्ती नांदली. ऑलिम्पिकच्या तयारीत, १९९० च्या सुमारास, ती हलवण्यात आली. पुढे अनेक वर्षे तिथे होते ते पडके सिमेंट, वारा आणि संपूर्ण शहराचे चौफेर दर्शन. एल कार्मेलची पोरे संध्याकाळी तिथे बसत. २०११ मध्ये शहराच्या इतिहास संग्रहालयाने ती जागा जपून खुली केली. त्यानंतर ‘पर्यटकांना माहीत नसलेली सूर्यास्ताची जागा’ म्हणून ती जगभर सांगितली गेली. नावही बदलले आणि तिथे कधीच बंकर नसताना ती ‘बंकर’ म्हणून प्रसिद्ध झाली. रात्री उशिरापर्यंत गर्दी, ध्वनिवर्धक, बाटल्यांचा खच, खालच्या गल्लीत झोपमोड. २०२३ मध्ये महापालिकेने कुंपण घातले, फाटक बसवले आणि सूर्यास्त पाहण्याच्या वेळेआधीच ते बंद होऊ लागले. संध्याकाळी तिथे बसण्याची सवय असलेल्या वस्तीतल्या मुलांनाही ते बंद झाले. त्या टेकडीवर ना तिकीटघर होते, ना स्वच्छतागृह, ना झाडू मारणारे पुरेसे कर्मचारी. कारण ती कोणासाठी बांधलेली जागाच नव्हती.

साग्रादा फामिलियाची तुलना इथे करायला हवी. वर्षाला पंचेचाळीस लाखांहून अधिक माणसे ते चर्च पाहतात. प्रवेश वेळेनुसार ठरलेला असतो, रांगेची व्यवस्था असते, आणि तिकिटाच्या पैशातूनच १८८२ मध्ये सुरू झालेले बांधकाम पुढे सरकते. शेजाऱ्यांना त्रास नाही असे नाही; तो मोठा आहे. पण तिथे भांडायला समोर कोणीतरी आहे. इतकी दशके रीतसर परवान्याशिवाय बांधकाम चालले होते, त्याबद्दल २०१८ मध्ये शहराने चर्चच्या विश्वस्तांशी करार केला आणि १० वर्षांत ३ कोटी ६० लाख युरो देण्याचे त्यांच्याकडून मान्य करून घेतले. ती रक्कम सार्वजनिक वाहतूक आणि भोवतालच्या रस्त्यांसाठी आहे. प्रसिद्ध स्थळाला हिशेब मागता येतो. कोपऱ्यावरच्या बाकाला, चौकातल्या झाडाला, चार टेबलांच्या दुकानाला कोण आणि कसा हिशेब मागणार? म्हणून काकांनी साग्रादा फामिलियाच्या आत उभे राहून रंगीत काचांतून येणारा उजेड पाहिला, यात त्यांनी शहराचे काही हिरावले नाही, हे मी त्यांच्या बाजूने ठामपणे सांगेन.

मग भाचीची बाजू सर्वस्वी चुकीची आहे का? मुळीच नाही, आणि तिच्या बाजूचे मुद्दे हलके नाहीत. पहिला मुद्दा अनुभवाचा आहे आणि तो मला मान्य आहे, कारण त्या शहराविषयी मला जे काही कळले ते बाकांवर आणि बाजारात कळले. मुलीच्या घराजवळ एक बोदेगा होती. बोदेगा म्हणजे दारूचे दुकान आणि बसण्याची जागा यांच्या मधले काहीतरी: भिंतीला लागून काळपट लाकडी पिंपे, संगमरवरी माथ्याची तीन-चार टेबले, आणि घरून रिकाम्या बाटल्या आणून पिंपातली वाइन भरून नेणारी शेजारपाजारची माणसे. रविवारी दुपारी जेवणाआधी तिथे व्हर्मुत घेण्याची रीत आहे. गडद तांबूस पेय, त्यात संत्र्याची फोड, बाजूला ऑलिव्हची बशी आणि सोड्याचा जुना काचेचा सायफन. पहिल्या रविवारी मी लाकडी फळीच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मालक काही बोलला नाही. थोड्या वेळाने ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ वर्तमानपत्र घेऊन आले आणि तीन माणसे न बोलता एकेक वीत सरकली. तेव्हा मला कळले की तो कोपरा त्यांचा आहे. मी बाजूला झालो, त्यांनी मान हलवली, बस्स. चौथ्या रविवारी मी आत आलो तेव्हा ऑलिव्हची बशी न मागता पुढे आली. त्याच दिवशी एक तरुण जोडपे दारातून आले, त्यांनी पिंपांचे फोटो घेतले, सायफनचा घेतला, मग त्या वृद्ध गृहस्थांचाही घेतला, आणि काही न घेता निघून गेले. फोटो घेतला जात असताना त्यांनी वर्तमानपत्र थोडे वर धरले होते. ते जोडपे दुष्ट नव्हते. फोनमधल्या यादीतल्या एका जागेवर त्यांना खूण करायची होती, एवढेच. पण त्या चार मिनिटांत ती जागा अड्डा राहिली नव्हती, आणि जे पाहायला ते आले होते ते त्यांच्या येण्यानेच लपले होते.

भाचीचा दुसरा मुद्दा पैशाचा. प्रसिद्ध भागातल्या साखळी-दुकानांत पैसे घालण्यापेक्षा छोट्या स्थानिक दुकानात घातले तर ते दुकान टिकेल, असे ती म्हणते. यात तथ्य आहे. ती बोदेगा मलाही टिकायला हवी आहे. पण पाहुण्यांचा पैसा दुकानाला टिकवतो की बदलवतो, हे त्या पैशाचे प्रमाण किती यावर ठरते. ला राम्ब्ला या गजबजलेल्या रस्त्यावरची बोकेरिया मंडई पाहा. तिथे शेकडो वर्षे बाजार भरत आला आहे आणि आसपासचे लोक रोजची मासळी, भाजी, कडधान्ये तिथून नेत. पर्यटक वाढले तसे गाळ्यांवर कापलेल्या फळांचे प्लॅस्टिकचे पेले आणि रंगीत रसांचे ग्लास आले. कच्चा मासा पर्यटक काय करणार? गिऱ्हाइकाला वाट मिळावी म्हणून २०१५ मध्ये आठवड्याच्या शेवटी सकाळी मोठ्या पर्यटक-गटांना प्रवेशबंदी करावी लागली. पैसा आला, पण तो मासळीवालीला मासळीवाली ठेवण्यासाठी आला नाही. मंडईत दर दहांपैकी एक गिऱ्हाईक पाहुणा असेल तर त्याचा आधार होतो. नऊ पाहुणे झाले की मंडईच त्यांच्यासाठी मांडली जाते.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि तो मला एका कॅटलान, म्हणजे त्याच प्रांतातल्या, शेजाऱ्याने ऐकवला: अड्डे पर्यटकाने मारले नाहीत, भाड्याने मारले. हे बऱ्याच अंशी खरे आहे. स्पेनमधल्या जुन्या दुकानांना गोठवलेल्या भाड्याचे जे संरक्षण होते, ते १९९४ च्या कायद्याने वीस वर्षांच्या मुदतीवर ठेवले आणि २०१४ च्या अखेरीस ती मुदत संपली. बार्सिलोनातली कित्येक जुनी दुकाने त्या सुमारास बंद झाली. रावाल भागातला, १८२० पासून चालत आलेला बार मार्सेया जाण्याच्या बेतात होता. २०१३ मध्ये महापालिकेने ती जागा विकत घेतली म्हणून तो राहिला. मद्यालय वाचवण्यासाठी महापालिकेने जागा विकत घ्यावी, हे आपल्याला विचित्र वाटेल. पण एखादी वस्ती आपला कट्टा म्हणजे आपली मालमत्ता मानते, तेव्हा असे घडते. घरांचेही तेच आहे. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवण्याचा निर्णय शहराने २०२४ मध्ये जाहीर केला. कायदा, घरमालक, गुंतवणूकदार आणि राज्यकर्ते यांची जबाबदारी एकट्या पाहुण्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, हे मी नि:शंकपणे मान्य करतो. मात्र भाडे वाढते कशाने? ‘इथे अजून पर्यटक पोचलेले नाहीत, इथे खरे शहर आहे’ या वर्णनाने गल्लीची किंमत वाढते, आणि ते वर्णन आपणच लिहितो. कायदा बदलणे आपल्या हाती नाही. कुठे राहायचे आणि काय लिहायचे हे आहे. परवाना नसलेल्या सदनिकेत स्वस्तात राहून दिवसभर स्थानिक जीवनाचे कौतुक करणाऱ्या माणसाने ज्या शेजाऱ्याला भेटायचे होते, त्याचेच घर घेतलेले असते.

चौथे म्हणणे असे की पाहुणे एकाच ठिकाणी गर्दी करतात म्हणून तर त्रास आहे. ते शहरभर पांगले तर भार हलका होईल. कागदावर हा युक्तिवाद निर्दोष दिसतो. पण बार्सिलोना एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर यांच्या मध्ये, सुमारे १०० चौरस किलोमीटरमध्ये, सोळा लाखांहून अधिक माणसांसह वसलेले आहे. तिथे रिकामी जागा नाही. एका चौकातून काढलेली माणसे दुसऱ्या कोणाच्या तरी खिडकीखालीच जातात. ग्रासियातल्या प्लासा देल सोल या चौकाभोवतालच्या रहिवाशांनी रात्रीच्या आवाजाला कंटाळून आपापल्या सज्जांत आवाज मोजणारी यंत्रे लावली आणि त्यांच्या नोंदी घेऊन महापालिकेकडे गेले. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या आवाजात तिथल्या तरुणांचाही मोठा वाटा होता. पण चौक आधीच काठोकाठ भरलेला असताना, तिकडे पांगा असे जगाला सांगण्याने काय साधेल? पांगणे उपकारक व्हायचे असेल तर ते संथ असावे लागते. यादीने ते संथ होत नाही. यादी माणसांना पांगवत नाही, तेवीस नव्या बिंदूंवर पुन्हा गोळा करते.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत बोचरा आक्षेप. पत्ता सांगू नये, असे सांगणारा मी स्वतः तिथे पाच आठवडे बसून आलो. मग हा आप्पलपोटेपणा नव्हे का? आपण आत शिरल्यावर मागचे दार लावून घेणे नव्हे का? हा प्रश्न मी टाळणार नाही. मी लोकांना जाऊ नका असे म्हणत असतो, तर आक्षेप बरोबर ठरला असता. मी पत्ता आणि वाट यांत फरक करतो. बार्सिलोनात ७३ वस्त्या आहेत आणि सुमारे ४० महापालिका-मंडया आहेत. जवळजवळ प्रत्येक वस्तीत एखादा चौक, एखादे वाचनालय, एखादी बोदेगा आणि म्हाताऱ्यांचा पेतांकचा, म्हणजे धातूचे गोळे फेकण्याच्या खेळाचा, डाव आहे. ही वाट मी कोणालाही सांगेन, सगळ्यांना सांगेन. जिथे राहाल त्या वस्तीची मंडई गाठा, रविवारी दुपारी व्हर्मुतसाठी जवळात जवळ जे दुकान असेल तिथे शिरा. असे सांगितल्याने माणसे ४० ठिकाणी जातात आणि प्रत्येकाला आपली जागा स्वतः शोधावी लागते. पत्ता सांगितला की सगळी एकाच दारात उभी राहतात. यात गुपित राखण्याचा प्रश्नच नाही. आपण मित्राच्या घरी जेवून आल्यावर जेवणाची तारीफ दहा जणांना सांगतो, पण त्याच्या घराचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवत नाही. आणि तसे न लिहिण्याला कोणी आप्पलपोटेपणा म्हणत नाही.

शिवाय पत्त्याने एक गोष्ट कधीच हाती येत नाही, ती म्हणजे रीत. तिथल्या मंडईत मासळीच्या गाळ्यासमोर रांग दिसत नाही. आठ-दहा बायामाणसे इकडेतिकडे उभी असतात, कोणी शेजारच्या गाळ्यावर अंडी घेत असते. नवा आलेला माणूस मोठ्याने विचारतो, ‘शेवटी कोण?’ कोणीतरी हात वर करते, आणि आता शेवटचा तो. पुढचा विचारायला येईल तेव्हा हात वर करण्याची पाळी त्याची. रेशनच्या दुकानात ‘तुमच्या मागे मी’ असे सांगून वाढलेल्या माणसाला हे समजायला दोन मिनिटेही लागत नाहीत. पण ज्याला ठाऊक नाही त्याला तिथे रांगच दिसत नाही. तो सरळ पुढे जातो, बोट दाखवतो, आणि आठ जणींच्या कपाळावर आठी का पडली हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. अड्डा बाकाने किंवा पिंपाने बनत नाही, तो अशा न दिसणाऱ्या रांगेने बनतो. ती दिसायला एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जावे लागते. तेवीस जागांना एकेकदा जाणाऱ्याला ती तेवीस वेळा दिसत नाही. एका जागी चारदा जाणाऱ्याला बहुधा तिसऱ्या खेपेला दिसते. म्हणून अड्ड्यावर जायचे की नाही याचा निर्णय हाताशी किती दिवस आहेत यावर करावा, आपण किती वेगळे प्रवासी आहोत यावर नव्हे.

ग्रासियात रोविरा चौक नावाचा एक छोटा चौक आहे. तिथे अंतोनी रोविरा इ त्रियास या वास्तुविशारदाचा पुतळा एका खऱ्याखुऱ्या बाकावर बसलेला आहे आणि त्याच्या पायाशी जमिनीवर एक नकाशा कोरला आहे. १८५९ मध्ये बार्सिलोनाच्या विस्ताराची जी स्पर्धा शहराने घेतली, ती त्याने जिंकली होती; माद्रिदच्या सरकारने ती बाजूला सारून इल्देफोन्स सेर्दाची योजना लादली आणि आज जगाला माहीत असलेले चौकोनी बार्सिलोना तिच्यातून उभे राहिले. सेर्दाच्या मनात प्रत्येक चौकोनाच्या पोटात बाग होती. पुढच्या पिढ्यांनी बहुतेक बागा बांधून काढल्या. म्हणून त्या शहराच्या माणसाला चौकातले एक झाड आणि एक बाक यांचे मोल आपल्याहून वेगळे वाटते. रोविराच्या पुतळ्याशेजारी एक माणूस बसेल एवढी जागा असते. मी तिथे बरेचदा बसलो. सकाळी दहापर्यंत ती कोणाचीच नसते. दहानंतर एक बाई नातवाच्या बाबागाडीसह येतात, तेव्हा उठायचे.

भाचीला मी परवा लांबलचक निरोप पाठवला. साग्रादा फामिलियाचे तिकीट आजच काढ आणि सकाळची वेळ घे, असे लिहिले. परवाना असलेल्या निवासातच राहा. तिथून जवळची मंडई कोणती ते तिथे गेल्यावर कोणालाही विचार. सकाळी आत शिरताना ‘बोन दिया’ (सुप्रभात) म्हण, कारण तिथली भाषा आधी कॅटलान आहे आणि मग स्पॅनिश. तेवीस जागांच्या यादीचे काय करायचे ते तुझे तू ठरव. तिने लगेच उलट विचारले की तुमच्या त्या बोदेगाचे नाव काय. मी तिला तो चौक आणि तिथून खाली उतरणाऱ्या गल्ल्यांचा अंदाज सांगितला. रविवारी बाराच्या सुमारास रिकाम्या बाटल्या घेतलेली माणसे ज्या दारात शिरताना दिसतील तिथे शिर, आणि भिंतीकडचा कोपरा मोकळा दिसला तरी तिथे उभी राहू नकोस, एवढे मात्र आवर्जून लिहिले.